भिंत मोडायची रीत

वय झालं की माणूस निवतो म्हणतात. मी काही निवले नाही. सकाळी चहाचं पातेलं घासताना मला अजून त्या आठवड्यातलं एखादं वाक्य आठवतं आणि हात असा काही चालतो की सून आतून विचारते, "आई, कुणावर काढताय?" मी सांगत नाही. आज सांगते आणि सगळं सांगते, कारण ज्यांच्यावर माझा राग आहे त्यांनी त्यांची बाजू केव्हाच छापून टाकली आहे. त्या छापलेल्यात मीही आहे, पण फक्त मनगटापर्यंत.

मी सिव्हिल इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक उंच यंत्र होतं. त्यात काँक्रीटचा ठोकळा ठेवायचा, वरून दाब वाढवत न्यायचा आणि तो किती भाराला फुटतो ते बघायचं. हे 'बघायचं' फक्त पुस्तकात. प्रत्यक्षात त्या यंत्रावर खाकी मेणकापड टाकून सुतळीनं आवळलेलं असे. मुलांच्या हातात दिलं तर बिघडेल, म्हणून ते कुणाच्याच हातात द्यायचे नाहीत. आम्ही आकडे उतरवायचो ते वरच्या वर्गातल्यांच्या जर्नलमधून आणि त्यांनी उतरवलेले असायचे त्यांच्या वरच्यांकडून. शेवटचा ठोकळा खरोखर कुणी फोडला होता ते कुणालाच माहीत नव्हतं. एकदा मी मेणकापडाखाली हात घालून ती झडप चाचपली होती, जी फिरवली की दाब वाढतो. लोखंड गार लागलं. शिपाई खेकसला तसा हात काढून घेतला. पण त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. एकदा, फक्त एकदा, मला स्वतःच्या हातानं काहीतरी भाराखाली घालायचं होतं आणि ते कसं तग धरतं, कुठे हार मानतं ते स्वतः बघायचं होतं. मुली साड्यांची, सिनेमांची स्वप्नं बघत असतील. मी त्या झडपेची बघायचे, हसायचं त्यानं खुशाल हसावं.

म्हणून आमचे एक सर जेव्हा वर्गात म्हणाले की जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत आठवडाभर शिकायला एका विद्यार्थ्याला न्यायचं आहे आणि त्यांनी माझं नाव घेतलं, तेव्हा मला आधी ती झडपच दिसली. सरांचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते गेले, त्यांची मुलं आहेत, त्यांचा काही दोष नाही. सरांचा अभ्यास जुन्या पद्धतीच्या घरांवर होता. ती जर्मन प्रयोगशाळा मातीच्या भिंती भूकंपात कशा टिकतात ते तपासायची. तिथं भार देणारी यंत्रं रांगेनं उभी असतात आणि विद्यार्थी ती स्वतः चालवतात, असं सर म्हणाले. पुढचं मला काही ऐकू आलं नाही.

जायच्या आधी सर आमच्या घरी आले. आमची वाडी शहापूर तालुक्यात, शेणवे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून. तेव्हा एसटी खालीच सोडायची आणि पुढचा चढ पायी. आमचं घर कुडाचं. कूड म्हणजे कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी उभ्या बांधून, दोन्ही बाजूंनी शेणमाती थापून केलेली भिंत. कारवी आणायचा माझा मामा. आईचं माहेर मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याला. तिकडची कारवी सरळ आणि चिवट, असं आईचं ठाम मत. आमच्या डोंगरावर हवी तितकी कारवी उभी असताना ती भावाकडूनच भारे मागवायची. दरवर्षी दिवाळीनंतर आई भिंती नव्यानं लिंपायची. आधी गोळा थापल्याचा थप् आवाज, मग तळहात फिरल्याची सरसर, पुन्हा थप्, पुन्हा सरसर. माझं लहानपण त्या आवाजात गेलं. ओल्या भिंतीजवळ झोपायला मिळावं म्हणून आम्ही भावंडं भांडायचो, कारण गारवा आणि तो वास. वारा सुटला की कारवी आतल्या आत करकरायची. बाबा वाशिंदच्या कारखान्यातून पाळी संपवून आले की भिंतीला पाठ लावून बसायचे. त्यांच्या पाठीची एक खळगीच तिथं पडली होती. आई दरवर्षी ती बुजवायची आणि दरवर्षी ती पुन्हा पडायची.

सर आले तेव्हा आईनं नागलीची भाकर टाकली, खुरासणीची चटणी वाटली, सुकट भाजून तेलात परतली. सर मांडी घालून बसले, बोटं चाटून जेवले, आई हरखून गेली. "तुमच्यासारकी मोठी मानसं आमच्या घरात जेवतात, आमाला अजून काय पायजे," ती म्हणाली. सर चुलीचे फोटो काढत होते, कुडाचे काढत होते, आईच्या हातांचे काढत होते. बाबांच्या खळगीचाही त्यांनी काढला. मला त्यात तेव्हा काही वावगं दिसलं नाही. उलट मीच पुढे पुढे करून दाखवत होते, हे बघा सर, ते बघा सर. मग मी त्यांच्यासाठी ताजं पाणी आणायला विहिरीवर गेले. परत आले तेव्हा आई पेटीजवळून उठत होती आणि सर पिशवीची चेन लावत होते. आई माझ्याकडे बघून हसली. काहीतरी गंमत लपवलेल्या पोरीसारखी हसली. मला वाटलं, तिनं सरांना भाजलेल्या चवळ्या वगैरे बांधून दिल्या असतील.

विमानाचं, थंडीचं, चकचकीत रस्त्यांचं वर्णन मी करत बसत नाही. ते सगळ्यांनी लिहिलेलं आहे. प्रयोगशाळेचं मात्र करते. आमच्या शहापूरच्या एसटी स्टँडाएवढी जागा, वर सरकती क्रेन आणि खाली लोखंडी चौकटी. प्रत्येक चौकटीत एकेक भिंतीचा तुकडा उभा. भिंतीच्या वरच्या कोपऱ्याला बाजूनं एक जॅक टेकवलेला, भूकंप जसा आडवा धक्का देतो तसा देणारा. शेजारी तेलाचा पंप आणि पंपावर झडप. उघडी. कुणी झाकलेली नाही, बांधलेली नाही. काम करणारे सगळे निळा कोट घालून वावरत. प्रयोगशाळेच्या प्रमुख उर्सुलाबाई, पांढऱ्या आखूड केसांच्या, हसऱ्या, त्यांनी मलाही एक निळा कोट दिला. तो मी असा घातला की विचारू नका. बाह्या लांब होत होत्या तरी दुमडल्या नाहीत.

अर्ध्या तासात सर म्हणाले, "कोट काढ. फोटोत नको."

मला आधी कळलंच नाही. मग एका बाजूला आणून ठेवलेल्या वस्तू दिसल्या. सरांनी पार्सलनं आधीच पाठवलेले कारवीचे भारे, जर्मनीतलीच माती आणि झाकणाची एक बादली, शेणाची. जवळच्या कुठल्याशा गोठ्यातून आणलेलं. सर उर्सुलाबाईंना इंग्रजीत सांगत होते, की या मुलीच्या समाजातल्या बायकांना हे शिकावं लागत नाही, ते हातातच असतं. मग माझ्याकडे वळून मराठीत, "चल, सुरू कर. आईसारखं."

मी केलं. खोटं कशाला बोलू, मला येत होतं. आईबरोबर दरवर्षी लिंपलं होतं मी, आणि न येण्याचं सोंग घेणं हा आईचा अपमान झाला असता. त्या शेणाला आमच्या शेणाचा वास नव्हता, आंबूस काहीतरी होतं, तरी हात घातला. थप् आणि सरसर. भोवती माणसं जमली, फोटो झाले, एकानं टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी मनाशी म्हणत होते, ठीक आहे. भिंत केली की ती गरम हवेच्या खोलीत वाळवतील, मग ती चौकटीत उभी राहील आणि मग मला यंत्राजवळ नेतील. दुसऱ्या दिवशी सरांनी पुन्हा लिंपायला बसवलं, कारण दूरच्या एका संस्थेचे लोक बघायला आले होते. तिसऱ्या दिवशी शाळेतली मुलं आली. त्यांना माझ्याजवळ बसवून चिखल थापायला दिला. पोरं गोड होती, त्यांच्यावर माझा राग नाही. पण पलीकडे लुकास नावाचा माझ्याच वयाचा विद्यार्थी शांतपणे झडप फिरवत होता, गेजचे आकडे मोठ्यानं वाचत होता आणि मी कोपरापर्यंत शेणात होते. मी मान वळवून आकडे ऐकायचा प्रयत्न करत होते. ते जर्मनमध्ये होते.

मी सरांना विचारलं. एकदा नाही, रोज विचारलं. "सर, मला लोडिंग बघायचंय." "बघशील." "सर, मला एकदा चालवायला मिळेल का?" "तुझं काम वेगळं आहे." उर्सुलाबाईंना विचारावं म्हटलं तर माझं इंग्रजी घशात अडकायचं आणि त्या हसून माझा चिखलाचा हात हातात घेत, खूप सुंदर, खूप सुंदर म्हणत. चांगली बाई होती. चांगल्या माणसांचा राग जास्त येतो, कारण त्यांच्याशी भांडता येत नाही. मला त्या हाताचं कौतुक नको होतं. तोच हात मला झडपेवर हवा होता.

आठवडा संपायला आला तसं दुपारी जेवणघरात सर माझ्यासमोर येऊन बसले. तिथलं जेवण म्हणजे गार ब्रेड, चीज, कसलीशी आंबट कोबी. मी ती कोबी सारून ठेवत होते. सरांनी पिशवीतून एक गाठोडं काढून टेबलावर ठेवलं आणि मला गाठोडं दिसायच्या आधी वास आला. निरगुडीचा. आमच्या घरात निरगुडीचा पाला एकाच ठिकाणी असायचा, आईच्या पेटीत, कपड्यांना कसर लागू नये म्हणून. फडक्याच्या आत आईचं लग्नातलं लुगडं होतं, हिरवं, लाल काठाचं, आणि त्यावर घडी घातलेली तिची फडकी, म्हणजे आमच्याकडच्या बायका पदरावरून खांद्यावर घेतात ते कापड.

"उद्या पाहुणे येणार आहेत, समोर भिंतीची चाचणी आहे," सर म्हणाले. "हे नेस. गुडघ्यापर्यंत, आई नेसते तसं."

"हे तुमाला कुणी दिलं?" माझी घरची बोली तोंडात आली.

"तुझ्या आईनं. मी नुसतं विचारलं, त्यांनी पेटी उघडून काढून दिलं. किती साधी माणसं आहात तुम्ही."

"तिला काय सांगितलंत?"

"सांगितलं की तिकडे तुझा सत्कार आहे. त्यात काय चुकलं? सत्कारच आहे एक प्रकारचा."

मी सांगितलं, मी नेसणार नाही. सरांनी काटा खाली ठेवला. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते मला समजावू लागले, मूल हट्ट करतं तेव्हा समजावतात तसं. "तुला काय वाटतं, तुला इथं का आणलंय? वर्गात तुझ्यापेक्षा जास्त मार्कांची मुलं होती. यंत्र चालवायला माणसं इथंही आहेत. तू जे आहेस ते इथं कुणाकडे नाही. त्याचा अभिमान बाळगायला शिक जरा."

त्या वाक्यावर मी आजवर किती उत्तरं तयार केली आहेत. भांडी घासताना, एसटीत बसून, एकदा तर लग्नाच्या पंगतीत. तेव्हा मात्र मला फक्त आईचं ते गंमत लपवलेलं हसू दिसत होतं. तिनं तिच्याकडचं सगळ्यात चांगलं काय ते काढून दिलं होतं, लेकीचा मान व्हावा म्हणून, आणि या माणसानं ते सामान म्हणून पिशवीत भरून आणलं होतं. मी गाठोडं उचललं, छातीशी धरलं आणि खोलीवर गेले. नेसायला नाही. त्याच्या हाताला पुन्हा लागू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी सलवार कमीज घातला आणि वर निळा कोट. सरांनी मला पाहिलं, ओठ आवळले, पण पाहुणे येऊन बसले होते. माझी भिंत चौकटीत उभी होती, वाळून फिकट झालेली, माझ्या बोटांच्या रेघा तिच्यावर. सरांनी पडद्यावर आमचं घर दाखवलं. चूल दाखवली, आईचे हात दाखवले. बाबांच्या पाठीची खळगी मोठी करून दाखवली. ते इंग्रजीत बोलत होते, पण एवढं इंग्रजी मला कळत होतं. या लोकांसाठी भिंत ही निर्जीव वस्तू नाही, सर म्हणाले. तिच्याभोवती त्यांच्या पवित्र रीती आहेत, आणि त्या रीती मोडलेल्या त्यांना चालत नाहीत. आता आमच्या वाडीत कुडाला भोक पडलं तर कोंबड्या आत शिरतात म्हणून बायका शिव्या घालत ते बुजवतात. एवढीच काय ती आमची पवित्र रीत. पण सगळे पाहुणे मान हलवत होते, एक बाई तर डोळे मिटून ऐकत होत्या.

भाषण संपलं. उर्सुलाबाईंनी खूण केली, लुकास उठून झडपेकडे निघाला. आणि मी उभी राहिले.

मी म्हणाले, "आमच्या गावात असं चालत नाही." घशात अडकणारं माझं सगळं इंग्रजी त्या दिवशी सरळ बाहेर आलं. "आमच्यात जी बाई भिंत लिंपते तीच ती मोडते. पहिला हात तिचाच लागतो. दुसऱ्यानं लावला तर घराचं वाईट होतं."

असली कसलीही रीत आमच्या वाडीत नव्हती. शहापूर तालुक्यात नव्हती, मुरबाडात नव्हती, आणि माझ्या माहितीप्रमाणे जगात कुठंही नव्हती. मी ती त्याच क्षणी, उभ्या उभ्या बनवली. सर "अगं," एवढंच म्हणाले आणि थांबले. काय बोलणार होते? आत्ताच तर त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं की आमच्या रीती मोडलेल्या आम्हाला चालत नाहीत. उर्सुलाबाईंनी दोन्ही हात गालांवर ठेवले, त्यांना इतका आनंद झाला. लुकास बाजूला सरला. डोळे मिटणाऱ्या बाईंनी आता ते सताड उघडले होते. मी चालत गेले आणि झडपेवर हात ठेवला.

ती गार नव्हती, कोमट होती, पंप चालू होता म्हणून. लुकासनं हळू आवाजात सांगितलं, अगदी सावकाश फिरव, घाई केलीस तर भिंत एकदम जाते आणि काहीच कळत नाही. मी सावकाश फिरवली. गेजचा काटा हलला. लुकासनं मला विचारलं, इंग्रजीत वाचू का, आणि मग तो भाराचे आकडे मला कळतील असे वाचू लागला. जॅकनं कोपरा ढकलला, भिंत जराशी कलली आणि तिच्या आतून आवाज आला. करकर. वारा सुटल्यावर घरी यायचा तोच. माझे डोळे भरून आले, पण मी काट्यावरून नजर काढली नाही. रडायला आयुष्य पडलं होतं, काटा थांबणार नव्हता. पहिली भेग तिरपी गेली, मग दुसरी तिला छेदून. मातीचे पापुद्रे सुटले तरी भार चढत होता, कारण आतली कारवी वाकून सांभाळत होती. मग एका टप्प्याला झडप फिरवूनही आकडा वाढेना. भिंत पडली नव्हती, नुसती दमली होती. मी लुकासला म्हटलं, हाच तिचा सगळ्यात जास्त भार. तो म्हणाला, हो, लिहून घे. मी लिहून घेतला. कुणाच्या जर्नलमधून न उतरवलेला माझ्या आयुष्यातला पहिला आकडा.

पाहुणे खायला गेले. मी हात झडपेवरून काढलाच नाही. लुकासला म्हटलं, दुसरी भिंत आहे का? होती. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी तिथल्या उरलेल्या भिंती एकामागून एक भाराखाली घातल्या आणि त्यानं मला विचारेन ते सगळं सांगितलं. भार कसा मोजतात, सरकण कशी मोजतात, आलेख कुठे वळतो आणि तो तिथंच का वळतो. मी आठवडाभर शिकायला गेले होते. शिकले ती त्या एका दुपारी, आणि तीही मला हिसकावून घ्यावी लागली.

निघताना सर माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तर त्यांनी खिशातून पेन काढलं आणि दुखावलेल्या आवाजात विचारलं, "ही रीत तू मला आधी का नाही सांगितलीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत," मी म्हटलं. त्यांनी ते सगळं उभ्यानंच लिहून घेतलं.

घरी पोचले तेव्हा आई दारातच होती. पाणी द्यायच्या आधी तिनं विचारलं, "नेसलीस का गो?"

"नाय."

"का?"

"थंडी होती गो तिकडं लय."

तिनं गाठोडं उघडलं. तिनंच घातलेली घडी तशीच होती, निरगुडीचा पालाही तसाच. तिनं घडीवरून हात फिरवला आणि पुन्हा बांधलं. "लाज वाटली असंल तुला," ती म्हणाली. "ऱ्हावंदे. चल, जेवाला बस." आणि चुलीकडे गेली. मला ओरडून सांगायचं होतं, की आई, लाज नाही गो. पण खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. सत्कार नव्हता हे सांगावं लागलं असतं. ज्या माणसाला तिनं भाकर वाढली तो तिला काय समजत होता हे सांगावं लागलं असतं. तिनं हरखून दिलेली वस्तू त्यानं कशासाठी मागितली होती हेही. म्हणून मी बसले आणि भाकर खाल्ली. कोट काढायला लावला, शेणात बसवलं, ते सगळं एक वेळ मी सोडून दिलं असतं. पण माझ्या आईला पुढची कितीतरी वर्षं वाटत राहिलं की लेकीला तिच्या लुगड्याची लाज वाटली, हे मी त्या माणसाला सोडणार नाही. तो मेला तरी नाही.

पुढं मी वाशिंदला एका बांधकाम साहित्याच्या प्रयोगशाळेत लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच काँक्रीटचे ठोकळे फोडले. आमच्या यंत्रावर कधी मेणकापड पडू दिलं नाही. सरांनी त्या आठवड्यावर पुस्तक लिहिलं. चाचण्यांचे आलेख त्यात आहेत, माझ्या हातचे, खाली नावं सरांची आणि उर्सुलाबाईंची. आणि रीतही आहे, मोठ्या थाटात. सोबत फोटो, झडपेवर ठेवलेला एक हात, मनगटापर्यंत. खाली लिहिलंय, 'रीत पाळणारी स्थानिक स्त्री.'

काही वर्षांपूर्वी ते पुस्तक घेऊन एक मुलगी आमच्या वाडीत आली. शहरातली, आर्किटेक्चर शिकणारी, नम्र. मी तेव्हा आईकडेच होते. भावाला घरकुल मंजूर झालं होतं आणि जुनं घर उतरवून विटांचं बांधायचं होतं, त्याची आवराआवर चालली होती. मुलीनं आईसमोर पुस्तक उघडलं, त्यातली रीत मराठीत समजावून सांगितली आणि विचारलं, "आजी, हे खरं आहे का? जी लिंपते तीच मोडते?"

मी तोंड उघडणार होते. त्या रीतीचा निकाल लावायची एवढी चांगली संधी पुन्हा आली नसती. पण आईनं पुस्तक डोळ्यांजवळ धरलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, ती फोटो बघत होती. अंगठ्याच्या बुडाशी माझा भाजल्याचा डाग आहे, लहानपणी तव्याला लागलेला. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं, मग पुढच्या बाहीवर.

"ह्यो निळा कोट कुणाचा?" तिनं मला विचारलं.

"माझाच. यंत्रावर काम करनारे घालतात तो."

"आनि ह्ये यंत्र?"

"मीच चालवत होते गो."

तिनं पुस्तक दाराच्या उजेडाकडे वळवलं. "ह्याच्यावर लुगडं नसतं शोभलं," ती म्हणाली. मग त्या मुलीकडे वळून, अगदी ठासून, "हाय ना बाय. आमच्यात असंच हाय. जिनं लिंपला तिचाच हात पयला." मुलीनं भराभर लिहून घेतलं, आईच्या पाया पडली आणि गेली.

ती उतारावर दिसेनाशी झाल्यावर आईनं मला विचारलं, "असं कवा होतं गो आपल्यात?"

"कधीच नाय."

"मग आता हाय," आई म्हणाली आणि सूप घेऊन तांदूळ पाखडायला बसली.

घर उतरवायच्या दिवशी गवंड्यानं पहार उगारली तशी ती म्हातारी काठी टेकत पुढं झाली आणि म्हणाली, थांब. गवंडी मागं सरला. बाबांच्या पाठीची खळगी होती तिथं तिनं बोटं रुतवली, जोर लावला आणि ढेकूळ उपटून काढलं. आत सिद्धगडाची कारवी अजून सरळ उभी होती. आईनं हात झटकले आणि माझ्याकडे बघितलं.

"कळव तुझ्या सरांच्या मानसांना," ती म्हणाली. "रीत मोडली नाय म्हनावं."